पाचची मेहंदी, साडेसहाची मेहंदीवाली

पत्र असं आहे:

‘ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहते, मेहंदीच्या ऑर्डरी घेते. तुळशीचं लग्न झाल्यापासून काम चांगलं सुरू झालंय. मागच्या आठवड्यात एका दिवशी दोन ऑर्डरी घेतल्या. दुपारी कसबा बावड्यात डोहाळजेवण आणि संध्याकाळी पाचला सांगली रोडवरच्या एका कार्यालयात नवरीची मेहंदी. बावड्यात ऐनवेळी पाहुण्या वाढल्या, निघायलाच सव्वाचार झाले. नवरीचे कोन घरी फ्रिजमध्ये होते म्हणून मधे घरी गेले. तिथून गंगावेश, सीपीआर दवाखाना, स्टेशन रोड करत तावडे हॉटेलच्या चौकापर्यंत आले आणि अडकले. गुगल मॅप बघूनच निघाले होते. फोन येत होते, मी ‘पाच मिनिटांत पोचते’ म्हणत होते. पोचले साडेसहाला. नवरीची मावशी चारचौघांत बोलली आणि हिशेबात हजार रुपये कापले. मिस्टर म्हणतात, दिवसाला एकच ऑर्डर घे, नाहीतर हप्त्यावर चारचाकी घेऊ. येण्या-जाण्याचे पैसे वेगळे मागायची मला लाज वाटते. काय करू?
— एक मेहंदीवाली’

ताई, नमस्कार.

पत्रात तुम्ही सगळा राग तावडे हॉटेलच्या चौकावर काढलाय. मला मात्र त्याच्या आधीची ओळ खटकली. बावड्यातून सांगली रोडला निघालेली बाई फुलेवाडीला कशाला गेली? बावडा शहराच्या उत्तरेला, तुमचं घर पश्चिमेच्या टोकाला, कार्यालय पूर्वेला पंचगंगा नदीपलीकडं. म्हणजे कोनासाठी तुम्ही सगळं शहर एकदा आडवं कापून घरी गेलात आणि मग उलट दिशेनं पुन्हा कापत बाहेर पडलात. बावड्यातून सरळ शियेचा रस्ता धरला असता तर नदी ओलांडून शिये फाट्याला महामार्ग लागला असता. तिथून कागलच्या दिशेनं थोडं खाली आलं की सांगली फाटा. गंगावेश नाही, सीपीआर नाही, स्टेशन रोड नाही आणि तावडे हॉटेल तर वाटेतच येत नाही. उशीर झाला तो त्या फ्रिजपायी.

तेव्हा पहिली खरेदी चारचाकीची नको, बर्फाच्या पेटीची करा. डॉक्टर लोक लसी न्यायला वापरतात तसली छोटी पेटी आणि गोठवायच्या दोन पिशव्या. सकाळी घरातून निघताना दिवसभराचे सगळे कोन त्यात घ्या आणि प्रत्येक ऑर्डरचे वेगळ्या डब्यात ठेवा. नवरीच्या डब्यावर तिचं नाव लिहा, म्हणजे डोहाळजेवणाच्या पाहुण्या वाढल्या तरी हात तिकडं जाणार नाही. तुम्हाला हे सांगायला नको, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते: घरी भिजवलेल्या, रसायन न घातलेल्या मेहंदीला ऊन सोसत नाही. एकदा रंग सुटला की गारव्यात ती टिकते. स्कूटरच्या डिकीत दुपारभर तापली तर कोन वरून चांगला दिसतो आणि हातावर फिका उतरतो. मग नवरीकडचे म्हणतात, मेहंदीच हलकी वापरली. ट्रॅफिकमध्ये अडकल्याचं नुकसान घड्याळात दिसतं तेवढंच नसतं, ते पुढं दोन दिवसांनी हातावरही दिसतं.

आता मुख्य मुद्दा. रस्त्यावर आल्यावर तुमच्या हातात फार काही राहत नाही. ट्रॅफिकचा निकाल ॲडव्हान्स घेतानाच लागलेला असतो. ‘पाच तारीख मोकळी आहे का?’ असं विचारलं की आपण डायरी उघडतो, पान कोरं दिसलं की हो म्हणतो. तारखेबरोबर आणखी दोन गोष्टी बघायच्या: बाजू कुठली आणि त्या दिवशी गावात काय आहे.

बाजूचं आधी. तुमच्यासाठी कोल्हापूरचे तीन भाग पाडा. फुलेवाडी, रंकाळा, संभाजीनगर, कळंबा हा घरचा भाग. मधल्या पेठा, म्हणजे अंबाबाईच्या मंदिराभोवतीचं जुनं गाव, हा दुसरा. आणि रेल्वेरुळापलीकडचं, महामार्गापलीकडचं, नदीपलीकडचं ते सगळं तिसरं: उचगाव, गांधीनगर, शिरोली, सांगली रोड, हातकणंगले. एका दिवसात दोन ऑर्डरी घ्यायला माझी अजिबात ना नाही. त्या एका भागातल्या असाव्यात, किंवा बावडा आणि सांगली रोडसारख्या शहरात न शिरता जोडता येणाऱ्या असाव्यात. दुपारी कळंबा आणि संध्याकाळी शिरोली असं आलं तर एक सोडा. मिस्टरांचं ‘दिवसाला एकच’ हे सीझनमध्ये परवडणारं नाही. लग्नाच्या तारखा मोजक्या असतात आणि सगळ्या नवऱ्या त्याच तारखांना बसतात.

घरून थेट तिसऱ्या भागात जायचं असेल तेव्हा गंगावेशीचा नाद सोडा. संभाजीनगर, हॉकी स्टेडियम, सायबर चौक, विद्यापीठ, शाहू नाका असं दक्षिणेनं फिरून उजळाईवाडीला महामार्गावर चढा आणि तिथून सरळ वर जा. अंतर जास्त पडतं. पण शहरातून बाहेर पडणाऱ्या रांगेत उभं राहायला लागत नाही, आणि पेट्रोल जळतं त्यापेक्षा जीव कमी जळतो. एक मात्र बघा. सातारा ते कागल महामार्ग सहापदरी करायचं काम चालू आहे. कधी वाहतूक सेवा रस्त्यावर वळवतात, कधी नवीन वळण काढतात. आदल्या दिवशी त्या बाजूच्या कुणाला तरी फोन करून विचारायचं. कार्यालयाच्या मॅनेजरला तर हमखास माहीत असतं, कारण त्याचे केटरर आणि मंडपवाले तिथूनच येत असतात.

आता गावात काय आहे ते. इथं गुगल मॅप कमी पडतो. तो आत्ता कुठं गाड्या तुंबल्यात ते चोख सांगतो. सात वाजता मिरजकर तिकटीला ढोल-ताशा येणार आहे हे त्याला तालमीतल्या पोरांनी कळवलेलं नसतं. त्यासाठी घरातलं दिनदर्शिकेचं पान आणि सकाळचा पेपर हेच खरं. मोठ्या उत्सवाच्या आधी वाहतूक शाखा कुठले रस्ते बंद, पार्किंग कुठं, ते जाहीर करते आणि स्थानिक पेपर ते छापतात. कात्रण कापून डायरीत ठेवा.

गणपती आणि नवरात्राचं कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही, आणि त्या दिवसांत लग्नं नसतातच. फसवतात ते लग्नसराईतले दिवस. अक्षय्य तृतीयेचंच बघा. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, लग्नं ढीगभर. त्याच्या आदल्या दिवशी वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे परंपरेनं साजरी होणारी शिवजयंती. पेठांतून मिरवणुका, रस्ते भरलेले. आणि तृतीयेच्या नवरीची मेहंदी उशिरात उशिरा त्याच दिवशी येते. मेहंदी काढली की हात आधी नारिंगी दिसतो, खरा रंग एक-दोन दिवसांनी चढतो, त्यामुळं मी तर म्हणते तृतीयेच्या नवरीला तिथीच्या दोन दिवस आधी बसवा. रंगाच्या नावावर सांगितलं की घरचे लगेच ऐकतात. मिरवणुकीचं कारण सांगितलं तर म्हणतात, ‘तुम्ही लवकर निघा की.’

चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. सासनकाठ्या आणि गाड्यांचा लोंढा, पन्हाळ्याकडचा सगळा रस्ता त्यात जातो. दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथोत्सव, म्हणजे महाद्वार रोडकडची संध्याकाळ गेली. हल्ली पन्हाळ्यावरच्या रिसॉर्टवर लग्नं करायची हौस आलीय. तिकडची ऑर्डर रविवारची असेल तर सकाळी लवकर वर जा आणि पर्यटकांच्या गाड्या उतरायच्या आत खाली यायचा हट्ट धरू नका. मुक्कामाची सोय मागून घ्या. १४ एप्रिलला बिंदू चौकाच्या आसपास ऑर्डर घेऊ नका. मे महिन्याच्या सुट्टीत आणि नाताळाच्या आठवड्यात मंदिराला बाहेरगावच्या, खास करून कर्नाटकातल्या, गाड्यांची रीघ लागते. तेव्हा भवानी मंडप, बिंदू चौक, महाद्वार हा पट्टा सकाळी दहानंतर दुचाकीवाल्यालाही जड जातो.

बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल, पण फुटबॉलचं वेळापत्रकही बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-प्रॅक्टिस या संघांसारखी मॅच असली की सुटल्यावर पोरं आणि गाड्या एकदम रस्त्यावर येतात, आणि त्या वेळी मंगळवार पेठेत शिरायचं म्हणजे उलट्या पाण्यात पोहायचं. घरात फुटबॉलवेडं कुणी असेलच, कोल्हापुरात नसतं असं घर सापडायचं नाही. त्याच्यावर हे काम सोपवा. मिस्टरांना द्या, म्हणजे चारचाकीचं बोलणं जरा मागं पडेल.

उसाचं वेगळंच. नोव्हेंबर ते मार्च गाळप आणि लग्नं बरोबरच चालतात. बावड्यातून शियेकडं जा असं मी वर म्हटलं खरं, पण बावड्यातच राजाराम कारखाना आहे. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या त्या भागात असणारच. ओलांडायची घाई करू नका. तिथं वेळ जातो, पण किती जातो याचा अंदाज बांधता येतो. स्टेशन रोडला तोही बांधता येत नाही. रात्री परतताना हेच ट्रॅक्टर जास्त भीतीचे. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अंधारात एकदम समोर ट्रॉली येते. म्हणून सांगली रोडवरून रात्री दहा-अकराला एकटीनं स्कूटरवरून येऊ नका. हे मी ट्रॅफिकमध्ये धरत नाही, जिवाच्या काळजीत धरते.

एप्रिल-मेमध्ये वळीव. दुपारी चार-पाचला अंधारून येतं, तासभर कोसळतो आणि रेल्वेच्या परीख पुलाखाली पाणी साचतं. तिकडचा रस्ता तुंबला की सगळी गर्दी बाकीच्या चौकांवर येते. राजारामपुरीची संध्याकाळची ऑर्डर असेल तर ढग दिसायच्या आत रुळाच्या पलीकडं जाऊन बसा. तिथं चहा प्या, डिझाइन काढत बसा. आणि पावसाळ्यात नदीपलीकडची ऑर्डर घ्यायची असेल तर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची सवय लावा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे आपल्याकडं पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता आणि बावडा-शिये रस्ता तर त्याच्या आधीच पाण्याखाली जातो. पातळी इशाऱ्याकडं निघाली की नदीपलीकडच्या बारशाला फोन करून नाही म्हणायचं. ते लोक नदीकाठचे आहेत, त्यांना समजतं.

आता पैशाचं आणि लाजेचं. तुम्ही ‘येण्या-जाण्याचे पैसे’ म्हणता आणि ऐकणाऱ्याला पेट्रोलचे शंभर रुपये दिसतात. म्हणून ते शब्दच वापरू नका. भागाप्रमाणे दर ठेवा. घरच्या भागात जो दर असेल तो, नदी-महामार्गापलीकडं नवरीच्या पॅकेजचा दरच जास्त, सांगताना एकच आकडा सांगायचा. मंडपवाला, आचारी, बँडवाला, सगळे असंच करतात आणि कुणी त्यांच्याकडं बोट दाखवत नाही. मेहंदीवाली तेवढी ‘आपली ताई’ असते, तिनं पैसे मागितले की ती बदलली म्हणतात. बदला.

आणि ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. मी एक मजकूर करून देते, तुमच्या सोयीनं बदला:

‘नमस्कार. तारीख अमुक, ठिकाण अमुक, नवरीची मेहंदी व सोबत ८ हात ठरले आहेत. जास्तीचे हात वेळ असेल तरच व वेगळ्या दराने काढले जातील. मी ४.३० पर्यंत पोहोचते, नवरीने ५ वाजता जेवून, हाताला क्रीम न लावता बसावे. नवरीची मेहंदी आधी होईल, बाकीच्यांची नंतर. मिरवणूक, पाऊस किंवा रस्ता बंद असल्यास एक तास आधी कळवीन. काम रात्री ९ नंतर संपल्यास घरी सोडण्याची सोय आपण करावी. ॲडव्हान्स मिळाल्यावर तारीख पक्की होईल.’

यातली ‘जास्तीचे हात’ ही ओळ मी मुद्दाम घातलीय. तुमचा दिवस बावड्यातच घसरायला लागला होता. डोहाळजेवणात हे ठरलेलंच असतं. सहा जणी म्हणून बोलावतात, मग शेजारच्या काकू येतात, त्यांची सून येते, ‘एवढं एकच फूल काढ गं’ म्हणत पोरींची रांग लागते. एका फुलाला पाच मिनिटं धरली तरी बारा फुलांत तास गेला. दोन ऑर्डरींच्या दिवशी पहिल्या ठिकाणी पोचल्या पोचल्याच यजमानीणबाईंना सांगायचं, ‘तीनला मला उठायचंय, पुढं नवरी आहे.’ नवरी म्हटलं की बायका सोडतात.

साडेचारला पोचून पाचला सुरू, हा अर्धा तासही वाया जात नाही. स्कूटर चालवून आल्यावर उजवा हात बघा कधी. ॲक्सिलरेटर पिळून, खड्ड्यांत हँडल धरून मनगट ताठरलेलं असतं आणि पहिल्या काही रेघा थरथरतात. नवरीच्या तळहातावरची बारीक जाळी त्या हातानं काढायची नसते. गार पाण्यानं हात धुवा, बोटं मोकळी करा, आधी एखाद्या लहान पोरीच्या हातावर साधी वेल काढा. म्हणूनच दोन ऑर्डरींच्या दिवशी मी रिक्षा सुचवते. ओळखीचा एक रिक्षावाला दिवसभरासाठी ठरवा. कुठली गल्ली मंडपामुळं बंद आहे, कुठून निघायचं, हे त्यांना एकमेकांना फोन करून कळलेलं असतं. भाडं दराच्या आकड्यात आधीच धरलेलं असेल, हात वाचतो आणि पेटीही मांडीवर राहते.

फोनवर ‘पाच मिनिटांत पोचते’ म्हणायचं मात्र बंद करा. माझा अंदाज असा की मावशींनी हजार कापले ते दीड तासासाठी नाही, त्या पाच मिनिटांसाठी. पहिल्याच फोनला ‘मी आत्ता कावळा नाक्याला आहे, सव्वासहा-साडेसहा होतील, तोवर नवरीला जेवायला घाला आणि केसांचं उरकून घ्या’ असं सांगितलं असतं तर त्यांनी चिडून का होईना, पुढचा कार्यक्रम हलवला असता. लग्नघरात उशीर सगळ्यांनाच होतो, पण किती होणार हे कळलं तर वाढप, फोटोवाला, पार्लरवाली सगळं मागंपुढं करता येतं. तुमच्या पाच मिनिटांनी त्यांना नवरीला दीड तास खुर्चीत बसवून ठेवायला लावलं. हजार रुपये मागायला आता जाऊ नका. त्या नवरीच्या हातावर रंग कसा चढला ते विचारणारा एक मेसेज तेवढा पाठवा, फोटो मागवा. पुढची ऑर्डर त्याच कार्यालयातनं येऊ शकते.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. महामार्गापलीकडं, उचगाव-शिरोली बाजूला, मेहंदी काढणारी कुणी ओळखीची असेलच. तिच्याशी गाठ बांधा. तिला फुलेवाडी-कळंब्याची ऑर्डर आली तर ती तुम्हाला देईल, तिकडची तुम्हाला झेपणार नसेल तर तुम्ही तिला द्याल. अडकलात तर ती आधी जाऊन करवल्यांचे हात सुरू करेल. गिऱ्हाईक पळवेल ही भीती असते, मला कळतं. पण रविवारी गांधीनगरला बस्ता बांधायला निघालेल्या गाड्यांतून वाट काढत जाऊन जे गिऱ्हाईक राखायचं, ते राखून हातात किती उरतं याचा एकदा हिशेब करा.

आता चारचाकी. महाद्वार आणि शिवाजी पेठेच्या गल्लीत ती लावायला जागा नाही आणि तावडे हॉटेलच्या रांगेत ती स्कूटरपेक्षा जास्त वेळ उभी राहील. हप्ता मात्र सीझन नसलेल्या महिन्यांतही जाणार. मे संपेपर्यंत रिक्षाला किती गेले ते लिहून ठेवा, हप्त्याशी ताडून बघा आणि मग मिस्टरांशी बोला. तोवर एवढ्यात डिकीत नेमकी बसेल अशी पेटी बघून घ्या, दुकानात जाताना डिकीचं माप घेऊन जा.